शहीद आणि शाहिद

आमच्या गावाच्या नावापुढे 'शहीद' हा शब्द लावतात. आष्टी (शहीद), जिल्हा वर्धा. उर्दू शिकवताना मी सांगत असतो की शहीद आणि शाहिद हे दोन्ही शब्द अरबीतल्या एकाच धातूपासून आले. शहीद म्हणजे हुतात्मा, शाहिद म्हणजे साक्षीदार. 'अर्जेंटिना, 1985' हा चित्रपट पाहिला आणि प्रश्न पडला, आष्टीला शहीद मिळाले, पण तिच्या शाहिदांचं काय झालं?

सांतियागो मित्रे यांचा हा 2022 चा चित्रपट खऱ्या खटल्यावर आहे. अर्जेंटिनात 1976 ते 1983 लष्कराची हुकूमशाही होती. हजारो माणसं घरातून उचलली गेली, ती परत आलीच नाहीत. लोकशाही आल्यावर सत्ता गाजवलेल्या नऊ सेनाधिकाऱ्यांवर नागरी न्यायालयात खटला चालला. सरकारी वकील होते हुलिओ स्ट्रासेरा. आठशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले. एक बाई सांगते की डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या अवस्थेत पोलिसांच्या गाडीत ती बाळंत झाली. सहायक वकिलाची आई लष्करशहांना मानणारी. ही साक्ष ऐकून तिचं मत बदलतं. माझ्या मते चित्रपटाचं मर्म इथे आहे. शिक्षा मोजक्यांना होते, पण उघड्या न्यायालयातली साक्ष अख्ख्या देशाचं मन बदलू शकते.

आता आपल्याकडे या. 16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. आष्टीच्या पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला, गोळीबार झाला. डॉ. गोविंद मालपे, रशीद खान आणि त्यांचे साथी शहीद झाले. संतापलेल्या जमावाच्या हातून पोलीसही मारले गेले. त्याच दिवशी चिमूरही पेटलं. तिथे नंतर लष्कर आलं आणि स्त्रियांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी आल्या. चौकशी व्हावी म्हणून सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपोषण केलं. सरकारने चौकशी केली नाही. खटले चालले ते गावकऱ्यांवर, विशेष न्यायालयांत. अनेकांना फाशी सुनावली गेली. अनसूयाबाई काळे यांच्यासारख्यांनी जिवाचं रान केलं, तेव्हा 1945 मध्ये उरलेल्यांची फाशी जन्मठेपेवर आली.

ज्याच्यावर आरोप, त्याचीच कचेरी आणि त्याचंच न्यायालय. पुढे इंग्रज गेले, स्मारक झालं, दरवर्षी हार चढतात. पण चिमूरच्या त्या बायांना कोणत्याही न्यायालयाने बोलावलं नाही.

आपल्या समाजात रशीद खानांचं नाव बहुधा देशभक्तीचा दाखला म्हणून काढलं जातं. मला ते पटत नाही. दाखला द्यायला आपण काही आरोपी नाही. त्यांच्या नावाने मागायचाच असेल तर इन्साफ मागावा, आणि तो सगळ्यांसाठी मागावा.

साक्ष दिली की झालं, असंही नाही. 1992-93 च्या मुंबई दंगलींनंतर न्या. श्रीकृष्ण आयोगासमोर शेकडो लोकांनी धीर धरून साक्ष दिली. 1998 मध्ये अहवाल आला, आणि त्या वेळच्या राज्य सरकारने तो एकतर्फी ठरवून बाजूला सारला. अहवालाने आरोपीच्या पिंजऱ्यात कोणी उभं राहत नाही. त्यासाठी खटला लागतो.

काही जण म्हणतील, जुन्या जखमा कशाला उकरायच्या? अर्जेंटिनातही हेच म्हटलं गेलं. 1986 आणि 1987 च्या कायद्यांनी पुढचे खटले थांबवले, नंतर राष्ट्राध्यक्षांनी शिक्षा झालेल्यांना माफीही दिली. तरी लोक थांबले नाहीत. 2005 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द ठरवले आणि खटले पुन्हा सुरू झाले. वीस वर्षं गेली, तरी साक्षी जिवंत होत्या म्हणून हे शक्य झालं.

1942 चे गुन्हेगार आता या जगात नाहीत, हे मान्य. पण त्या घरांतल्या लेकी-सुनांनी सासू-आजीकडून जे ऐकलं ते अजून आहे. ते लिहून घेतलं पाहिजे. त्यात शहिदांची घरं असावीत, चिमूरच्या बाया असाव्यात, आणि मारल्या गेलेल्या पोलिसांची घरंही असावीत, कारण तीही आपलीच माणसं होती. विशेष न्यायालयांचे निकाल मराठीत छापून शाळा-शाळांत ठेवावेत. न्यायाधीशाच्या खुर्चीत तेव्हा कोण बसलं होतं आणि त्याला तिथे कोणी बसवलं होतं, हे पोरांनी स्वतः वाचावं. ज्याला हा प्रश्न विचारता येतो, त्याला उद्या कोणताही हुकूमशहा सहज फसवू शकणार नाही.