मूळ प्रत आणि झेरॉक्स

इंदूरच्या आपल्या मंडळातील एक ज्येष्ठ सभासद गेल्या वर्षी वारले. हुकुमचंद मिलमध्ये त्यांनी उमेदीची वर्षे काढली होती. १९९१ मध्ये मिल बंद पडली, त्या दिवसांविषयी ते एका कार्यक्रमात पाऊण तास बोलले होते. शोकसभेत ते चित्रीकरण दाखवायचे ठरले, तेव्हा हाती आली ती ग्रुपवर फिरून आलेली पाच मिनिटांची प्रत. पडद्यावर चेहराही नीट ओळखू येईना. मूळ फाइल ज्यांच्या फोनमध्ये होती, त्यांनी जागा भरली म्हणून पुसून टाकली होती. त्यांना दोष कसा द्यावा? आपण सगळे हेच करतो.

२०१६ मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि घरोघरी चित्रीकरण वाढले. साठवण मात्र स्वस्त राहिली नाही. गूगल फोटोजची अमर्याद मोफत सोय १ जून २०२१ पासून बंद झाली. आता जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून १५ जीबी मोफत. अँड्रॉइडवरील व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही त्यातच धरला जातो. खाते एक आणि खर्च करणारे चार, अशी गत.

बँकेतली सवय म्हणून हिशेब मांडतो. आयफोनवर फुल एचडी चित्रीकरणाला २००३ च्या एच.२६४ पद्धतीत मिनिटाला सुमारे १३० एमबी लागतात; २०१३ च्या एचईव्हीसी पद्धतीत सुमारे ६०. म्हणजे तासाभराचा कार्यक्रम ७.८ जीबी किंवा ३.६ जीबी. पहिल्या पद्धतीत १५ जीबीत दोन कार्यक्रमही मावत नाहीत. दुसरीत चार मावतात. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये एक पर्याय बदलण्याचा हा फरक आहे. एचईव्हीसी फाइल जुन्या संगणकावर कधी चालत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

हे साधते कसे? प्रत्येक चित्र पूर्ण न साठवता आधीच्या चित्रापेक्षा काय बदलले, तेवढेच प्रामुख्याने नोंदले जाते. वक्ता बसलेला, मागची भिंत स्थिर, तर नोंद थोडी. हात हलला की सारेच बदलते आणि फाइल फुगते किंवा चित्र खराब होते. म्हणून शंभर युक्त्यांपेक्षा एक स्टँड बरा.

पाठवण्यासाठी लहान प्रत जरूर करावी. हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर चालते. मोबाइलवर पाहायला ७२०पी पुरते. सेकंदाला २ मेगाबिट धरले, तर तासाचे चित्र सुमारे ९०० एमबीत बसते. भाषण असेल तर चित्र कमी करा, आवाजाला हात लावू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ फाइल द्यायचीच असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी. तशी २ जीबीपर्यंत जाते आणि दाबली जात नाही.

पण दाबताना गेलेला तपशील पुन्हा येत नाही. बँकेत आम्ही झेरॉक्सवर कर्ज देत नव्हतो. मूळ कागद तिजोरीत असे. मंडळानेही तेच करावे. प्रत्येक कार्यक्रमाची मूळ फाइल दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरी ठेवावी. नावात तारीख आणि वक्ता लिहावा. वर्षातून एकदा ती उघडून पाहावी. मिलचे भोंगे ऐकलेली माणसे आता थोडी उरली आहेत. पुढचे चित्रीकरण करण्याआधी डिस्क विकत घेऊ या.