ॲट्रॉसिटी नेमकी कोण करतो?

‘अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंधक) अधिनियम, 1989’ एवढे लांबलचक नाव कोण घेणार? लोकांनी ‘ॲट्रॉसिटी’ एवढेच ठेवले. ‘प्रतिबंधक’ गळाले, ‘अधिनियम’ही गळाला, उरला तो नुसता अत्याचार, कारण ॲट्रॉसिटी या इंग्रजी शब्दाचा अर्थच अत्याचार!

आता गावच्या पारावर ऐका : ‘त्याने माझ्यावर ॲट्रॉसिटी केली.’ हे बोलतो कोण? ज्याच्यावर गुन्हा दाखल झाला तो! म्हणजे आरोपी झाला पीडित, आणि मार खाऊन पोलीस ठाण्याची पायरी चढणारा झाला अत्याचारी. शब्द आखूड करता करता गुन्हेगारच बदलला.

बांधवांनो, आपणही नकळत तसेच बोलतो. यापुढे ठणकावून सांगा : ॲट्रॉसिटी त्याने केली, आम्ही फक्त फिर्याद दिली.