शेवटचा क्रमांक की माझा क्रमांक?

शाळेत प्रवेश घेताना तुमचे नाव जनरल रजिस्टरमध्ये लिहिले जाते व तुम्हाला एक क्रमांक मिळतो. दोघांचे नाव सारखे असू शकते, क्रमांक मात्र कधीच नाही. संगणकाच्या डेटाबेसमध्येही प्रत्येक नोंदीला असाच क्रमांक असतो. त्याला ‘प्रायमरी की’ म्हणतात. एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती तक्त्यांत मांडण्याची जी पद्धत सुचविली, तिच्यातच ही कल्पना आहे.

पुष्कळदा हा क्रमांक डेटाबेस आपणहून देतो. तो आपल्याला कळायला हवा. कारण फीच्या व गुणांच्या तक्त्यांत तोच लिहायचा असतो. मग तो मिळवायचा कसा?

नवशिके एक सोपी युक्ती करतात. नोंद झाली, की तक्त्यातील सर्वांत मोठा क्रमांक विचारतात. एकट्याने करून पाहिले, तर उत्तर बरोबर येते. म्हणूनच ही चूक फसवी आहे!

समजा, प्रवेशाच्या दिवशी दोन खिडक्या चालू आहेत. पहिल्या खिडकीवर सुनंदाची नोंद झाली. क्रमांक पडला ५०१. त्याच क्षणी दुसऱ्या खिडकीवर अन्वरची झाली, क्रमांक ५०२. आता पहिल्या खिडकीने सर्वांत मोठा क्रमांक विचारला. उत्तर आले ५०२. झाले! सुनंदाची फी अन्वरच्या नावावर जमा झाली. संगणकाने विचारल्याचे बरोबर उत्तर दिले. चुकला तो प्रश्न.

खरा प्रश्न असा हवा : ‘मी आत्ता केलेल्या नोंदीला तू कोणता क्रमांक दिलास?’ तशी सोय असतेच. मायएस्क्यूएलमधील ‘लास्ट इन्सर्ट आयडी’ हे फंक्शन प्रत्येक जोडणीचा हिशेब वेगळा ठेवते. दुसऱ्या खिडकीची नोंद त्यात मिसळत नाही. पोस्टग्रेसमध्ये नोंदीच्या आज्ञेलाच ‘रिटर्निंग’ हा शब्द जोडला, की क्रमांक त्याच उत्तरात परत येतो.

शिक्षकांना आमची विनंती आहे. प्रात्यक्षिकात दोन विद्यार्थ्यांना एकाच वेळी एकाच तक्त्यात नोंदी करायला लावा. संगणक एकच असेल, तर प्रोग्राम दोनदा उघडा. एकट्याने तपासलेला प्रोग्राम अर्धाच तपासलेला असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याच्या नावावर चुकीची नोंद पडते, त्याला ती चूक कधी कधी वर्षअखेरीस कळते.