सत्तावीस वर्गण्या

परवा एका वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बसलो होतो. विषय होता अमेरिकेतल्या गुलामगिरीचा अंत. झाडून सगळी भाषणे लिंकनपासून सुरू झाली आणि लिंकनपाशीच संपली. मुलांवर राग नाही, भाषणे लिहून देणाऱ्या मोठ्यांवर आहे. चळवळीचे श्रेय खुर्चीच्या खाती टाकण्याच्या या खोडीवर मी इथे वारंवार लिहितो, आजही लिहिणारच.

लिंकनचा मुक्तीचा जाहीरनामा 1 जानेवारी 1863चा. बरोबर बत्तीस वर्षे आधी, 1 जानेवारी 1831 रोजी, बॉस्टनमध्ये विल्यम लॉइड गॅरिसनने ‘लिबरेटर’चा पहिला अंक काढला होता. हे दोन कागद शेजारीशेजारी ठेवून पाहा. पहिल्याच अंकात गॅरिसनने गुलामांची तत्काळ मुक्ती मागितली. जाहीरनाम्याने मात्र केंटकी, मेरीलँड, डेलावेअर, मिसुरी इथल्या गुलामांना हातही लावला नाही, कारण ती राज्ये सरकारच्या बाजूची होती. त्याच्या महिनाभर आधी तर लिंकन काँग्रेसपुढे 1900 सालापर्यंतची मुदत आणि मालकांना भरपाई अशी योजना मांडत होते. युद्ध चालवणाऱ्याच्या अडचणी मला कळतात. पण मागणी कुणाची होती, हेही सांगायला हवे.

आणि तो अंक निघाला कुणाच्या पैशावर? फिलाडेल्फियात जहाजांची शिडे शिवण्याचा कारखाना चालवणारे कृष्णवर्णीय उद्योजक जेम्स फॉर्टन यांनी सत्तावीस वर्गण्यांचे 54 डॉलर आगाऊ धाडले. सुरुवातीचे बहुतेक वर्गणीदार कृष्णवर्णीयच होते. त्याआधी 1829मध्ये बॉस्टनमध्येच जुने कपडे विकणाऱ्या डेव्हिड वॉकरने गुलामगिरीवर तुटून पडणारी पुस्तिका छापली. ती खलाशांच्या हाती दक्षिणेत पोचायची. कोटाच्या अस्तरात शिवून पाठवत, असे सांगतात. दक्षिणेतल्या सत्ताधाऱ्यांना या कागदांची ताकद पुरेपूर कळली होती. गॅरिसनला पकडून देणाऱ्याला जॉर्जियाच्या विधिमंडळाने 5,000 डॉलरचे इनाम लावले होते.

वर्गणीवर चालणाऱ्या छोट्या पत्रांचा मी पक्षपाती आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. माझ्या मते मोठ्या चळवळीचा खरा दस्तऐवज म्हणजे तिच्या वर्गणीदारांची वही.

जोतीरावांना हे उमगले होते, असे मी मानतो. 1873मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या लोकांना. लिंकनच्या हत्येला तेव्हा आठ वर्षे झाली होती, एकट्या लिंकनला पुस्तक वाहणे सहज जमले असते. त्यांनी ते केले नाही.