वाघाला वाट, माणसाला भोंगा!

चंद्रपूरच्या परकोटाच्या आत खासगी मोटारींना बंदी करा, एवढे म्हणायचा अवकाश, की गाडीवाले 'व्यक्तिस्वातंत्र्य बुडाले' म्हणून गळा काढतात. कसले स्वातंत्र्य? जटपुरा गेटच्या कमानीत एकट्या माणसाने चौघांची जागा अडवून भोंगा वाजवायचा आणि शाळकरी पोरांनी नालीच्या काठाने अंग चोरून चालायचे, याला आम्ही दांडगाई म्हणतो!

हेच महाशय सुट्टीच्या दिवशी ताडोब्याला वाघ पाहायला जातात. मोहर्लीच्या फाटकावर आपली मोटार निमूट उभी करतात, ठरलेल्या जिप्सीत बसतात आणि गाइडने दटावताच तोंड मिटतात. वर या बंदीचे पैसेही मोजतात! तिथे यांचे स्वातंत्र्य कुठे दडी मारते? माथेरानला दस्तुरी नाक्यावर मोटार सोडावी लागते, म्हणून राज्यघटना कोसळली काय? वाघासाठी खाली उतरणाऱ्यांना माणसासाठी उतरायला कमीपणा का वाटावा?

'प्रदूषण तर कारखान्यांचे,' ही यांची दुसरी पळवाट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये ८३.८८ गुणांक देऊन चंद्रपूरला देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे बसवले. २,९२० मेगावॅटच्या वीज केंद्राला आणि कोळसा खाणींना त्याचा जाब विचारलाच पाहिजे. पण शेजारी विष ओकतो म्हणून आपणही ओकावे, हा कुठला न्याय?

आणि निवडीचे स्वातंत्र्य म्हणाल, तर गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात चला. अहेरीहून गर्देवाड्याला एस.टी. सुरू झाली ती १ जानेवारी २०२५ रोजी! गडचिरोलीच्या जंगलात आजारी माणसाला खाटेवर घालून पायी नेणाऱ्यांना कोणी कधी 'तुमची निवड काय?' असे विचारले? ज्याच्या दारात गाडी नाही, त्याचे स्वातंत्र्य बसच्या फेऱ्यांवरच मोजले जाते.

म्हणून महापालिकेला आमचे रोखठोक सांगणे आहे: जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अचलेश्वर या चारही दरवाजांबाहेर वाहनतळ करा, आत सतत फिरणाऱ्या लहान बस सोडा आणि त्याच दिवसापासून बंदी लागू करा. रुग्ण, अपंग, अग्निशमन यांना मुभा ठेवा. बस न देता बंदी घालाल तर तो जुलूम. बस देऊन बंदी टाळाल तर तो भ्याडपणा. मूठभर गाडीवाल्यांच्या रोषाला भिणाऱ्यांनी खुर्च्या खाली कराव्यात. गोंड राजांचा परकोट मोटारींना आंदण देण्याचा अधिकार त्यांना कोणीही दिलेला नाही!