नवे नोझल आणण्यापूर्वी

ट्रॅक्टर काळा धूर सोडू लागला, ओढ कमी झाली आणि डिझेल अधिक लागू लागले, की दोष बहुधा नोझलच्या माथी मारला जातो. नोझल बदलले जाते. काही महिन्यांनी तोच धूर पुन्हा दिसतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील शेतकऱ्यांचा हा खर्च पुष्कळ अंशी टाळता येण्यासारखा आहे.

विहिरीवरील साध्या डिझेल इंजिनात तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २०० किलोग्रॅम झाला म्हणजे नोझलची सुई उचलली जाते व तेल धुक्यासारखे फवारले जाते. सुई आणि तिचे घर यांतील फट केवळ काही मायक्रॉन असते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. अशा जागी धुळीचा बारीक कण शिरला तर सुई अडकते, फवाऱ्याऐवजी थेंब गळतात आणि ते पुरते जळत नाहीत. काजळी धरते, न जळलेले तेल खाली उतरून वंगण पातळ करते.

हा कण येतो कोठून? उघड्या कॅनमधून, शेतातल्या मातीने भरलेल्या नरसाळ्यातून, अर्ध्या रिकाम्या पिंपात रात्री जमलेल्या पाण्यातून. उसाच्या हंगामात घाईने तेल ओतताना तर याकडे कोणाचेच लक्ष नसते. तेव्हा झाकणाचा स्वच्छ डबा, जाळीचे नरसाळे, संध्याकाळी काम संपताच टाकी भरून ठेवणे आणि डिझेलचा फिल्टर वेळेवर बदलून हवा काढणे, एवढे तरी व्हावे. हवेचा फिल्टर तुंबला तरीही काळाच धूर येतो. म्हणून तो आधी पाहावा.

नोझलचे तोंड सँडपेपरने घासणे किंवा अंदाजाने स्क्रू आवळून दाब वाढविणे, हे प्रकार तर सर्वस्वी त्याज्य होत. दाब टेस्टरवरच पाहावा. त्या फवाऱ्यापुढे हात कदापि धरू नये; तेल कातडीत घुसते, जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या ट्रॅक्टरांत दाब हजार किलोग्रॅमच्याही वर असतो. त्यांचे इंजेक्टर गावात उघडूच नयेत.

टेस्टर प्रत्येकाने घ्यावा अशी वस्तू नव्हे. ज्या जिल्ह्यात १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेथील सोसायट्यांना एक टेस्टर आणि एक शिकलेला कारागीर ठेवणे जड जाऊ नये. खतांच्या गोदामाची जशी सोय झाली, तशीच याचीही व्हावी. तोपर्यंत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी बांधावर गेल्यावर पिकाबरोबर डिझेलचा डबाही उघडून पाहावा. तळाशी साचलेला गाळ शेतकऱ्याला दाखविला, तर पुढचे फारसे सांगावे लागत नाही.