बाजारपेठ नकाशावर आली पाहिजे : पिंपळनेरकरांना कळकळीचं आवाहन

पिंपळनेरच्या माय-बहिणींनो, भाऊबंदांनो,

हातातलं काम थोडं बाजूला ठेवा आणि हे वाचा. आपलं गाव आता शहर झालं आहे, आणि शहर म्हटलं की विकास आराखडा आलाच. रस्ता किती रुंद, भाजीबाजार कुठे, शाळा कुठे, मैदान कुठे, हे सगळं त्या एका नकाशावर ठरतं. एकदा तो मंजूर झाला की पुढची वीस वर्षं आपण त्याच रेघांमध्ये राहायचं. आपली जुनी बाजारपेठ त्या नकाशात कशी उमटेल, हे अजून तुमच्या हातात आहे. पण हात हलवावा लागेल, आणि आताच.

ग्रामपंचायत गेली, नगरपरिषद आली. कचेरीवरची पाटी बदललेली सगळ्यांनी पाहिली. त्या पाटीबरोबर ग्रामसभाही गेली, तिकडे मात्र फारशा कुणाचं लक्ष गेलं नाही. वर्षातून चारदा कुठलाही माणूस उभा राहून विचारू शकत होता, की आमच्या गल्लीतली गटार का तुंबली? नगरपरिषदेच्या कारभारात तशी सभा नाही. तिथे नगरसेवक बोलतात, आपण बाहेर उभे राहतो. म्हणून कायद्याने जी दारं उघडी ठेवली आहेत ती आपल्याला ठाऊक असलीच पाहिजेत, आणि त्या दारांतून आत गेलंच पाहिजे.

सगळ्यात मोठं दार १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात आहे. आराखडा करताना आधी जागेवर आज काय आहे याचा नकाशा तयार होतो. घर कुठे, दुकान कुठे, बाजार कुठे भरतो, नाला कुठून वाहतो. त्यानंतर पुढचं काय करायचं याचं प्रारूप प्रसिद्ध होतं. ते प्रसिद्ध झालं की हरकती आणि सूचना देण्यासाठी तीस दिवस मिळतात. हरकत लेखी दिली तर नियोजन समितीपुढे सुनावणी होते, तुम्हाला बोलता येतं. तीस दिवस! कांद्याच्या काढणीत ते कधी गेले कळायचंही नाही. एकतिसाव्या दिवशी तुम्ही कितीही खरं बोललात, तरी ऐकून घेण्याचं बंधन कुणावर राहत नाही.

आणि पहिला धोका जागेच्या त्या पहिल्या नकाशातच आहे. आठवडे बाजार हा आठवड्यातून एकदा भरतो. मोजणीवाला दुसऱ्या दिवशी आला तर त्याला काय दिसेल? मोकळा रस्ता, मोकळी जागा. तो कागदावर 'मोकळी जागा' लिहून जाईल. पिढ्यान्‌पिढ्या भरणारा बाजार एका ओळीत पुसला जाईल. कुणाच्या मनात वाईट असेलच असं नाही. कुणी सांगितलंच नाही, तर त्याला कळणार कसं?

म्हणून सांगा. बाजाराच्या दिवशी मोबाईल घेऊन निघा, या टोकापासून त्या टोकापर्यंत फोटो काढा. भाजीवाले कुठे बसतात, मिरची-मसाला कुठे, सूप-टोपल्या कुठे, कोंबड्या-बकऱ्या कुठे, हे एका वहीत उतरवा. दिवस आणि तारीख घाला. शाळेतल्या पोरांना बरोबर घ्या, त्यांचे पाय आपल्यापेक्षा जलद चालतात आणि त्यांना नकाशे काढायला आवडतं.

या बाजारावर कोण जगतं ते एकदा जवळून बघा. कुडाशी, वार्सा, रोहोडकडून एखादी माय पहाटेच निघते. डोक्यावर नागली-वरईचं गाठोडं, पावसाळा असेल तर रानभाजी. जीपमध्ये कोंबून बसते, बाजारात कडेला फडकं अंथरते. "काय भाव से, माय?" असं आपण विचारतो, दोन रुपये कमी करून घेतो, निघतो. ती तिथेच बसलेली असते. सकाळपासून तिने पाणी प्यायलेलं नसतं. प्यायली तर जायचं कुठे? आडोसा नाही, बाईमाणसाला दार लावता येईल अशी जागा नाही. ऊन डोक्यावर येतं, ओठ सुकतात, तरी ती तांब्याकडे बघत नाही. आपल्या घरची आई असती तर आपण हे एक दिवस तरी चालू दिलं असतं का?

ते आता थांबवा. पहिली सूचना हीच लिहा, की बाजाराच्या जागेत बायकांसाठी पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृह आराखड्यात दाखवा. आणि आराखडा होईपर्यंत वाट बघू नका. बाजारात ज्यांचं घर आहे, दुकान आहे, त्यांनी बाजाराच्या दिवशी आपलं दार त्या मायबहिणींना उघडं ठेवा. दुकानाच्या पायरीवर एक माठ भरून ठेवा. पिंपळनेरच्या माणसाला हे जड नाही, मला ठाऊक आहे.

फेरीवाल्यांच्या बाबतीत शहर झाल्याचा एक फायदा आपल्या पदरात पडला आहे, तो सोडू नका. २०१४ चा पथविक्रेता कायदा आता आपल्याला लागू होतो. त्या कायद्याप्रमाणे विक्रेत्यांचं सर्वेक्षण होऊन त्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. शहरात पथविक्रेता समिती नेमावी लागते, तिच्यात किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात आणि त्यांतल्या एक तृतीयांश बाया. त्याहून मोलाची गोष्ट पुढे आहे. ज्या नैसर्गिक बाजारात पन्नास वर्षांहून जास्त काळ विक्री चालू आहे, तो वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असं कायद्याच्या परिशिष्टात लिहिलं आहे.

पन्नास वर्षं! आपल्या बाजाराला ती कधीच होऊन गेली. पण हे सिद्ध कोण करणार? पुरावा तुमच्या घरात आहे. आजोबांच्या ट्रंकेत बाजारवसुलीच्या जुन्या पावत्या असतील, शोधा. लग्नाच्या वरातीच्या फोटोत मागे बाजार दिसत असेल, तो काढा. जुन्या खातेवह्या रद्दीत घालू नका. नानांना, आप्पांना, घरातल्या म्हाताऱ्या मायला विचारा, त्यांच्या लहानपणी बाजार कुठे भरायचा, कोण कुठे बसायचं. ते लिहून घ्या, खाली त्यांची सही नाही तर अंगठा घ्या. ही माणसं आज आपल्यात आहेत. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

या गावाचं व्यापारातलं आणि कारभारातलं स्थान आजचं नाही. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये तालुका म्हणून नाव आहे ते पिंपळनेरचं. शेलबारीच्या घाटाने बागलाणातून येणारा माल आणि पश्चिमेच्या डोंगरातलं भात, नागली, वरई, मोहफुलं इथे एकमेकांना भेटत आली. आज साक्री बाजार समितीचा उपबाजार इथे आहे, कांद्याचे ट्रॅक्टर रांगेत उभे राहतात. पैसा गावात येतो. पण तो गावात किती थांबतो? मोबाईलवर बोट फिरवलं की कापड सुरतेहून येतं, भांडी कुठून तरी येतात. हमरस्त्याला नवी दुकानं निघतात आणि आतल्या गल्लीत एकेक दार बंद होत जातं. वारस नाशिकला, पुण्याला. धाब्यावर खारी माती टाकायला कुणी नाही, पावसाचं पाणी माळवदात मुरतं, सागाची तुळई आतून कुजते. मग एका पावसाळ्यात भिंत बसते आणि शेजारच्या दुकानाचाही घास घेते.

गल्लीतलं हे दुकान म्हणजे नुसतं दुकान कधी नव्हतं. कांद्याचा भाव पडला ते वर्ष आठवा. वाहतुकीचा खर्चही निघाला नाही तेव्हा घरात तेल-साखर कुणी दिलं? वहीत नाव लिहून, "दादा, पुढच्या हंगामाला बघू," असं म्हणून कुणी दिलं? बियाणं, पोरीच्या लग्नाचं कापड, शाळेच्या वह्या, सगळं त्या उधारीच्या वहीवर उभं राहिलं. ती वही बंद झाली, तर पुढच्या पडत्या भावात शेतकऱ्याचं घर सावकाराच्या दारात जाईल. मोबाईलमधलं दुकान तुम्हाला ओळखत नाही. तुमचा कांदा विकला गेला की नाही हे ते विचारत नाही.

म्हणून या महिन्यापासून घरची एक तरी मोठी खरेदी गावातल्या गावात करा. भाव दोन पैशांनी जास्त असेल तर दुकानदाराशी भांडा, घासाघीस करा, पण त्याच्या दारात जाऊन करा. आणि दुकानदार बंधूंनो, तुम्हीही ऐका. गिऱ्हाईक टिकवायचं असेल तर भाव आणि वागणूक दोन्ही जपावी लागेल. ओटे वाढत वाढत रस्त्यात आले आहेत, माल पायरीच्या खाली उतरला आहे. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, कुठे आग लागली, तर गाडी आत येणार कशी? जुन्या लाकडी घरांची बाजारपेठ पेटायला एक ठिणगी पुरते. रस्ता रुंद नको असं मी मुळीच म्हणत नाही. आपणहून ओटा मागे घ्या, म्हणजे उद्या सरसकट पाडापाडीला निमित्त उरणार नाही, आणि रुंदी किती हवी हे हक्काने सांगता येईल.

आपल्या पांझरा नदीच्या काठाला आपसांत ठरवून वागणं शिकवावं लागत नाही. फड पद्धत आपलीच. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात एकच पीक. पाणी सोडायला पाटकरी, पिकाची राखण करायला जागल्या, आणि हंगामाच्या आधी सगळ्यांनी मिळून पाटातला गाळ काढायचा. कुणाचं शेत पाटाच्या तोंडाशी, कुणाचं शेपटाशी, पण शेपटाच्या शेतालाही पाणी पोचलंच पाहिजे हा नियम. शेकडो वर्षं लोकांनी हे आपसांत चालवलं. १८८४ साली तरुण विश्वेश्वरय्या इंजिनिअर म्हणून खानदेशात आले, तेव्हा आपल्याच तालुक्यात दातर्तीला पांझरेच्या पाटावर त्यांनी नळाचा सायफन बांधला. त्या पाटांची शिस्त जपणाऱ्यांची नातवंडं-पणतवंडं आज बाजारपेठेत दुकानं चालवतात, भाजी विकतात, शाळेत शिकवतात. पाटाला जमलं ते गल्लीला का जमू नये?

आणि बाजारपेठ आपोआप वसत नाही, आपोआप टिकतही नाही. १८१९ मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याची पेठ वसवली, तेव्हा व्यापाऱ्यांना घरासाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, पक्की घरं बांधायला उचल दिली. ठरवून केलं म्हणून धुळे उभं राहिलं. आपणही ठरवून मागूया. हातगाडीवाल्याला भांडवल हवं असेल तर पीएम स्वनिधी या सरकारी योजनेचं पहिलं कर्ज १५ हजारांचं आहे, वेळेवर फेडलं की २५ हजार, मग ५० हजार. शेजारच्या भाजीवाल्या ताईला हे सांगा, तिचा अर्ज भरून द्या. तिला लिहिता येत नसेल, तुम्हाला येतं ना?

घरमालकांनी आणखी एक काम लगेच करायचं आहे. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवरची नोंद नगरपरिषदेच्या दप्तरात नीट उतरली का, ते बघून या. कितीतरी घरं अजून आजोबा-पणजोबांच्या नावावर आहेत. उद्या रस्त्यात चार फूट गेले आणि भरपाईचा प्रश्न आला, तर कागदावर नाव कुणाचं? भावाभावांत बोलणं बंद असेल, तरी यापुरतं एकत्र बसा. वारसनोंद करा. बहिणींची नावं गाळू नका.

आता एवढं करा. प्रत्येक गल्लीने दोन माणसं ठरवा, त्यांत एक बाई असू द्या. त्यांनी दर आठवड्याला नगरपरिषदेच्या फलकावर आराखड्याची नोटीस लागली का ते बघायचं आणि वर्तमानपत्रातली जाहीर सूचना वाचायची. नोटीस लागली की त्याच संध्याकाळी गल्लीतल्या मंदिरात नाहीतर शाळेच्या ओट्यावर सगळ्यांना बोलवायचं. प्रत्येक घराने आपली हरकत, आपली सूचना स्वतःच्या शब्दांत लिहायची. छापील अर्जावर शंभर सह्या करण्यापेक्षा शंभर वेगवेगळी पत्रं जास्त बोलतात. प्रत दोन करा, एक द्या, दुसरीवर पोच घ्या. तारीख आणि शिक्का बघितल्याशिवाय खिडकी सोडू नका. सुनावणीची तारीख आली की दुकानाला कुलूप लावा, शेतातलं काम गड्यावर सोपवा, आणि जा. कुडाशी-वार्साच्या मायलाही गाडीत घ्या. बाजार तिचाही आहे, तिचं म्हणणं समितीने तिच्याच तोंडून ऐकलं पाहिजे.

वही आजच आणा. पहिल्या पानावर तुमच्या गल्लीचं नाव लिहा, आणि उद्या सकाळी शेजारच्या नानांकडे जाऊन बसा.